'याशार' म्हणजे नेमकं काय? सरळ, नीतिमान की आणखी काही?

ओळंबा
नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी हिब्रूचा अभ्यासक वगैरे कोणी नाही. अख्खी नोकरी जमीन मोजणीत गेली, म्हणजे साखळी, शंकू, बांध आणि बांधावरच्या मारामाऱ्या. आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आमच्या कॉलनीत एक निवृत्त पाळक (चर्चचे धर्मगुरू) राहतात, त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी आम्ही चार-पाच म्हातारे जमतो, चहा होतो आणि काहीतरी वाचन होतं, कधी गाथा, कधी बायबल, कधी नुसताच पेपर.

सध्या बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक चालू आहे. पहिल्याच ओळीत ईयोब कसा माणूस होता ते सांगितलंय, मराठीत 'सात्त्विक' आणि 'सरळ' असे शब्द आहेत. पाळक म्हणाले मूळ हिब्रूत तिथे 'ताम' आणि 'याशार' आहे. ताम म्हणजे पुरा, अखंड, खोट नसलेला. आणि याशार म्हणजे सरळ. मी आपला मोजणीवाला, मी विचारलं, सरळ म्हणजे कसा, रस्ता सरळ असतो तसा? तर ते म्हणाले बरोब्बर तसाच, आणि मग गायींची गोष्ट काढली.

गोष्ट पहिल्या शमुवेलात आहे. पलिष्ट्यांनी इस्राएलांचा कराराचा कोश (त्यांची सगळ्यात पवित्र पेटी) लढाईत पळवून नेला होता, पण तो ठेवला त्या गावात रोगराई सुरू झाली. सात महिन्यांनी त्यांनी ठरवलं परत पाठवू. पण हे खरंच त्या देवामुळे होतंय की योगायोग, हे तपासायला त्यांनी नव्या गाडीला दोन दुभत्या गायी जुंपल्या, कधी जू न लागलेल्या, आणि त्यांची वासरं घरी कोंडून ठेवली. गाडीवर हाकायला कोणी नाही. गायी वासरांकडे वळल्या तर योगायोग, सरहद्दीकडे गेल्या तर देवाची करणी. तर त्या गायी बेथ-शेमेशच्या रस्त्याने नीट निघाल्या, उजवीकडे नाही की डावीकडे नाही, हंबरत हंबरत. तिथे 'नीट निघाल्या' याला जे क्रियापद आहे ते याशारच्याच धातूचं, योद-शीन-रेश ही तीन हिब्रू अक्षरं.

आणि यशयाच्या २८व्या अध्यायात देव म्हणतो की मी न्यायाची दोरी लावीन आणि 'त्सदाका'चा ओळंबा. म्हणजे हे सगळे आमच्याच पेट्यातले शब्द, दोरी, ओळंबा, सरळ, सपाट! (आयडी बघा माझा, पाच वर्षांपूर्वी घेतलाय, तेव्हा हे काही माहीत नव्हतं.)

आता माझा प्रश्न. सरळ रस्ता आणि सरळ माणूस याला एकच शब्द असणं हे आपल्याकडेही आहे, त्यात नवल नाही. पण हिब्रूत चांगल्या माणसाला 'त्सद्दीक' हा शब्द आधीच होता, मराठी बायबलात त्याला नीतिमान म्हणतात. मग याशार वेगळा कशाला लागला? दोन्ही एकच का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अवांतर_आजोबा
छान धागा. गायींचं वाचून बरं वाटलं. वाचतोय.

खुसपट
ओळंबा काका, रागावू नका, पण यात एवढं दळण दळायला काय आहे? आपल्याकडे धर्म म्हणतात तेच. प्रत्येक संस्कृतीत चांगल्या वागण्याला पाच-सात शब्द असतात आणि कवी लोक ते आलटून पालटून वापरतात. त्सद्दीक काय नि याशार काय.

सेमिनरीत_दोन_वर्षं
खुसपट, अर्धं मान्य. हिब्रू कवितेत एकच गोष्ट दोनदा म्हणायची रीत आहे, पहिल्या ओळीत एक शब्द आणि दुसऱ्या ओळीत त्याचा जोडीदार, त्यामुळे स्तोत्रांत आणि नीतिसूत्रांत त्सद्दीक आणि याशार पुष्कळदा नुसते जोडीने येतात. अनुवाद नावाच्या बायबलातल्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात तर देवालाच 'त्सद्दीक वेयाशार' म्हटलंय, एका दमात.

पण मुळात दोघांची घरं वेगळी. (मी दोन वर्षं शिकून सोडलं, त्यामुळे चूक असेल तर सांगा.) त्सद्दीक आणि त्सदाका ज्या धातूचे त्याच धातूचा शब्द त्सेदेक, म्हणजे जे जसं असायला पाहिजे तसं असणं. लेवीय पुस्तकात सांगितलंय की तराजू त्सेदेकचा असावा, वजनं त्सेदेकची, माप त्सेदेकचं. म्हणजे किलो हा किलोच भरला पाहिजे. आणि माणसांत आलं की त्सेदेक म्हणजे नात्यात जे देणं लागतो ते देणं. विसाव्या शतकात गेरहार्ड फॉन राड या जर्मन अभ्यासकाने यावर खूप भर दिला, की हा शब्द कुठल्यातरी वर टांगलेल्या आदर्श नियमाशी जुळण्याचा नाही, नात्यातल्या मागणीला पुरं पडण्याचा आहे.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे तामार. उत्पत्तीचा ३८वा अध्याय. यहूदाची सून, दोन नवरे मेले, रीतीप्रमाणे तिसऱ्या मुलाशी लग्न लावून द्यायचं ते सासरा टाळतोय. शेवटी ती वेश्येचा वेष करून रस्त्यावर बसते, सासऱ्याला ओळख लागत नाही, तिला त्याच्यापासूनच दिवस जातात. गावात बोभाटा होतो, यहूदा म्हणतो बाहेर काढा आणि जाळा हिला. ती त्याचीच मुद्रा आणि काठी पाठवून देते, ज्याच्या या वस्तू त्याचं हे मूल. तेव्हा तो दोन शब्द बोलतो, 'त्सादका मिम्मेन्नी'. माझ्यापेक्षा ती त्सद्दीक. आता सोवळ्या अर्थाने 'नीतिमान' शब्द इथे लावून बघा, बसतच नाही! पण घराण्याचं देणं कोणी निभावलं असं विचारलं तर तिनेच. याने टाळलं.

ओळंबा
वा! हे ओसरीवर सांगायला पाहिजे. म्हणजे त्सेदेक तराजूचा शब्द आणि याशार रस्त्याचा, असं म्हणायचं का?

सेमिनरीत_दोन_वर्षं
ढोबळमानाने चालेल. पण यशयाने त्सदाकाला ओळंबाही दिलाय ना, तुम्हीच लिहिलंय वर, त्यामुळे फार घट्ट कप्पे करू नका 😀

आणि त्सदाका पुढे जाऊन दानधर्म झाला. आज ज्यू घरात त्सदाका म्हटलं की गरिबाला दिलेले पैसे. पण 'दान' म्हणण्यात जरा गफलत होते, दान मी मनात आलं म्हणून देतो, त्सदाका हे देणं आहे. अनुवादाच्या २४व्या अध्यायात आहे, गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर दिवस मावळायला परत कर, तो त्यात झोपेल आणि तुला आशीर्वाद देईल, आणि ती तुझी त्सदाका. कायद्याने गहाण तुझंच आहे. तरी रात्री ते त्याचं. बाराव्या शतकात मैमोनिडीस या ज्यू पंडिताने हाच दाखला घेऊन म्हटलंय की मजुराची मजुरी दिली, कर्ज फेडलं, याला शास्त्रात त्सदाका म्हणत नाहीत, ते तर करायचंच असतं.

उर्दूतला सदका शब्द याच कुळातला बरं का.

पाठभेद
संस्कृतच्या बाजूने थोडी भर. 'ऋजू' हा शब्द तंतोतंत असाच चालतो. ऋजू म्हणजे सरळ रेषा आणि ऋजू म्हणजे निष्कपट. त्याच्यावरून आर्जव. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं दिलीत, अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती आणि मग आर्जव. तिथे आर्जव म्हणजे वाकडेपणा नसणं, आत एक बाहेर एक नसणं. लॅटिनचा रेक्टुस आणि इंग्रजीचा राइट हे ऋजूचे दूरचे भाऊ. हिब्रू याशार मात्र वेगळ्या भाषाकुळातला, नातं काही नाही, तरी माणसांनी तीच वाट धरली.

गंमत अशी की मराठीत आर्जवाचं काय झालं बघा. आता 'आर्जव केलं' म्हणजे विनवण्या केल्या, गयावया केली! सरळ माणसाचा गुण होता, तो हात जोडून उभं राहण्यावर आला. हे कसं झालं यावर स्वतंत्र धागा काढता येईल.

खुसपट
आणि 'सरळ' तरी कुठे शाबूत राहिलाय? तो फार सरळ आहे म्हणजे त्याला कोणीही टोपी घालतं. सरळ सरळ फसवलं म्हणजे उघड फसवलं. आणि आमचे मास्तर म्हणायचे थांब तुला सरळ करतो, त्यात छडी होती 😂

अश्दोदकरीण
नमस्कार, मी इथे बहुतेक पाककृतींच्या धाग्यांवरच असते पण हा विषय घरचा निघाला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आमचं मूळ गाव अलिबागजवळ, आजी-आजोबांच्या पिढीत लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे कारण घाणा शनिवारी बंद. माझा जन्म ठाण्याचा, लग्नानंतर इस्राएलला आले, आता एकवीस वर्षं झाली.

तर रोजच्या हिब्रूत याशार म्हणजे काय सांगते. पहिल्या महिन्यात बस चुकले, एका बाईंना पत्ता विचारला, त्यांनी हात पुढे करून सांगितलं 'याशार याशार'. मला वाटलं दोनदा का म्हणतायत. सरळ सरळ जा! इथे सगळे असंच सांगतात, याशार याशार आणि मग डावीकडे. आणि माणूस याशार म्हणजे प्रामाणिक, व्यवहाराला चोख. घराचं काम करायला प्लंबर शोधताना शेजारीण सांगते की हा घे, याशार आहे. त्सद्दीक आहे असं प्लंबरला कोणी म्हणणार नाही, म्हणजे म्हणतात, पण त्याने फुकटात काम केलं तर, नाहीतर चेष्टेने 😀

अजून एक. सिनेगॉगमध्ये (आमचं प्रार्थनाघर) कोणी तोरा, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, वाचून खाली आला की त्याला 'याशार कोआख' म्हणतात, शाब्बास, तुझं बळ नीट राहो अशा अर्थाने. तालमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांचा जुना मोठा ग्रंथ) म्हणतात की हे देवाने मोशेला म्हटलं होतं. कधी? दहा आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या तेव्हा! लहानपणी आजोबांकडून हे ऐकलं तेव्हा खूप आश्चर्य वाटलं होतं की तोडफोडीला शाब्बासकी.

ओळंबा
अश्दोदकरीण ताई, तुमचा प्रतिसाद आला म्हणजे धागा काढल्याचं सार्थक झालं. मराठी माणसाला हिब्रू शिकायला जुनं काही आहे का हो? की इंग्रजीतूनच?

अश्दोदकरीण
काका, जुनं म्हणाल तर फारच जुनं आहे. जॉन विल्सन म्हणून स्कॉटिश मिशनरी मुंबईत होते, त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, खास बेने इस्राएल लोकांसाठी. मिशनरींचा हेतू अर्थात धर्मांतराचा होता, तो काही साधला नाही फारसा, पण हिब्रू आम्ही शिकलो 🙂

तांबडीवाट
राम राम. मी सोलापूर साईडचा, शेती करतो, हिब्रूचं काही कळत नाही पण गायींचं कळतं. ओळंबा काकांनी एका ओळीत उडवलं पण त्यात फार मोठं आहे. तान्ह्या वासराची गाय गोठ्यापासून हलत नाही हो, पान्हा दाटतो तिला, बाजारला न्यायची तरी वासरू पुढं धरावं लागतं नाहीतर दावं तोडून माघारी येते. आणि जू न लागलेल्या दोन गायी एका गाडीला, त्या तर एक इकडं ओढणार एक तिकडं. त्या नीट गेल्या म्हणजे सोप्या नाही गेल्या, हंबरत गेल्या असं लिहिलंय ना, मन मागं आणि पाय पुढं. ज्यानं लिहिलं त्यानं गुरं राखली असणार.

दुसरं म्हणजे आमच्याकडं पत्ता सांगताना 'सरळ जा' कोण म्हणत नाही, 'हितनं नीट जावा' म्हणतात. नीट म्हणजेच सरळ. आणि पोराला म्हणतो नीट वाग. मग तुमचा तो याशार म्हणजे नीटच की. सरळ कशाला पायजे.

पाठभेद
तांबडीवाट, तुम्ही तर बाजीच मारली! नीट हा शब्द डोळ्यासमोर असून दिसला नाही. 'नीट जा' रस्ता, 'नीट वाग' आचरण, 'नीट लाव' म्हणजे सरळ रांगेत लाव, 'नीटनेटका'. पुणेरी कानाला नीट म्हणजे व्यवस्थित एवढंच राहिलंय, सरळपणाचा अर्थ तुमच्याकडे जिवंत आहे.

सेमिनरीत_दोन_वर्षं
आणि मराठी बायबलने तो वापरलाय पण! मार्कच्या पहिल्याच अध्यायात, यशयाच्या ४०व्या अध्यायातलं वचन येतं तिथे, 'त्याच्या वाटा नीट करा'. यशयात याशारचंच क्रियापद आहे, वाळवंटात राजमार्ग सरळ करा, दऱ्या भरा, डोंगर उतरवा, वाकडं असेल ते सपाट करा. वाकडं याला तिथे जो शब्द आहे तो 'आकोव', याकोबाच्या नावात जो धातू तोच. म्हणजे ऐकणाऱ्याला याकोबही ऐकू येत असणार. याकोब म्हणजे इस्राएलांचा पूर्वज, टाच धरणारा, भावाला फसवणारा. आणि त्याच्या वंशाला लाडाचं दुसरं नाव आहे यशुरून, ते याशारवरून. वाकड्याच्या पोटी सरळ. अर्थात जिथे हे नाव पहिल्यांदा येतं तिथे ओळ काय आहे, तर यशुरून लठ्ठ झाला आणि लाथा झाडू लागला 😂

ओळंबा
नीटवरून मला आणखी एक सुचलंय, जाणकारांनी तपासा. शमशोनाची गोष्ट, शास्ते पुस्तकातली. त्याला पलिष्ट्यांची एक मुलगी आवडते, आईबाप म्हणतात आपल्यात मुली नाहीत का, तर तो म्हणतो तीच आणा, ती माझ्या डोळ्यांना 'याशरा' आहे. पाळकांनी परवा हे वाचून दाखवलं तेव्हा मी बुचकळ्यात पडलो, की मुलगी सरळ कशी? पण आपण म्हणतो की 'मुलगी नीटस आहे'! झालं की काम. रस्ता नीट, वागणं नीट, मुलगी नीटस.

पाठभेद
😀 हे मी कुठेतरी वापरणार, तुमचं नाव देऊन.

खुसपट
थांबा थांबा, टाळ्या नंतर वाजवा. काकांनी आता जे उदाहरण दिलं त्याने सगळा डोलारा पडतो ना. शमशोनाच्या डोळ्यांना याशार, म्हणजे त्याला आवडली एवढंच. मग 'देवाच्या डोळ्यांना याशार' म्हणजे देवाला आवडेल ते, यात नैतिकता आली कुठून? नीट वाटणं आणि नीट असणं यात फरक आहे की नाही? सगळ्यांना आपापलं वागणं नीटच वाटतं. ट्रॅफिक सिग्नलला बघा.

सेमिनरीत_दोन_वर्षं
खुसपट, आता तुम्ही मुद्द्यावर आलात, आणि गंमत म्हणजे बायबललाही हाच मुद्दा टोचतोय. शास्ते पुस्तकाचं शेवटचं वाक्य काय आहे माहितीय? त्या दिवसांत इस्राएलात राजा नव्हता, जो तो आपल्या डोळ्यांना याशार दिसेल ते करी. हे वाक्य कौतुकाचं नाही, त्याच्या आधीचे चार-पाच अध्याय वाचवत नाहीत, बलात्कार, कत्तली, पळवून नेलेल्या मुली. आणि त्यातल्या प्रत्येकाला आपलं नीटच वाटत होतं. नीतिसूत्रांत आहे, माणसासमोर एक वाट असते ती याशार दिसते आणि तिचा शेवट मरणाच्या वाटा.

म्हणून राजांच्या इतिहासात प्रत्येक राजाचा निकाल एकाच वाक्यात लावलाय, त्याने परमेश्वराच्या डोळ्यांना याशार ते केलं, किंवा नाही केलं. डोळे कोणाचे ते आधी सांगायचं. दाविदाबद्दल पण तसंच लिहिलंय, आयुष्यभर याशार ते केलं, आणि मग पुढे जोडलंय, 'फक्त उरीया हित्तीची गोष्ट सोडून'. ज्याची बायको घेतली आणि ज्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं तो. मला ते 'फक्त' फार आवडतं, लिहिणाऱ्याने दाविदाला सोडलं नाही.

खुसपट
ओके, डोळ्यांचं मान्य. पण मग देवाचे डोळे काय म्हणतात हे कायद्यातच लिहिलेलं असणार ना, दहा आज्ञा आणि बाकीच्या शेकडो. मग पुन्हा याशार वेगळा कशाला? कायदा पाळला की झालं.

वकीलपत्र
इथे माझी एंट्री. (दिवाणी बाजू, तेवीस वर्षं.) खुसपट यांच्या प्रश्नाचं उत्तर ज्यू कायद्यात आहे आणि ते माझ्या आवडीचं प्रकरण आहे, कॉलेजात तौलनिक कायद्यावर निबंध लिहिताना सापडलं होतं.

अनुवाद ६:१८, 'याशार आणि चांगलं ते कर'. बाकी आज्ञा ठोस आहेत, हे खा, ते खाऊ नकोस, पण हे एकदम मोघम. अकराव्या शतकातला राशी नावाचा टीकाकार म्हणतो की याचा अर्थ तडजोड, कायद्याच्या रेषेच्या आत राहणं, म्हणजे हक्क असूनही शेवटच्या इंचापर्यंत न ताणणं. तेराव्या शतकातला रांबान, म्हणजे नाखमानिदेस, तो आणखी स्पष्ट. म्हणतो शेजाऱ्यापाजाऱ्याशी, देण्याघेण्यात माणसाने कसं वागावं हे सगळं लिहून काढणं अशक्य आहे, म्हणून आधी बरीच उदाहरणं दिली आणि मग एकच सर्वसाधारण आज्ञा टाकली. आमच्या भाषेत शेष कलम!

आणि यातून प्रत्यक्ष कायदा निघाला बरं का, नुसता उपदेश नाही. तालमूदच्या बावा मेत्सिया या भागात 'बार मेत्स्रा'चा नियम आहे. मेत्सेर म्हणजे बांध. तुम्ही शेत विकायला काढलं तर बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचा हक्क पहिला, आणि तिऱ्हाइताने घेतलं तर शेजारी तेवढीच किंमत मोजून त्याच्याकडून ते घेऊ शकतो. आधार कोणता? 'याशार आणि चांगलं ते कर'. तिऱ्हाइताला दुसरीकडे कुठेही जमीन मिळेल, शेजाऱ्याला सलग फक्त इथेच मिळेल. आपल्याकडे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २२ आहे, सहवारसांना आधी घेण्याचा हक्क, पण तो वारसांना, शेजाऱ्याला नाही.

ओळंबा
वकीलसाहेब, बांधाचा कायदा आणि तोही सरळपणावरून! मी नोकरीत बांधावर जेवढी डोकी फुटलेली बघितली त्यातल्या निम्म्यांना कायदा बरोबर माहीत होता हो. मोजणीत दोघांची हद्द कागदाप्रमाणे बरोबर निघायची. मी खुणा रोवून दिल्या की माझं काम संपलं. पण एकाची विहीर, दुसऱ्याची वाट, ते कुठल्या नकाशात येतं? एका ठिकाणी (गाव सांगत नाही) सव्वा फुटासाठी एकाने भावाची बैलगाडीची वाट बंद केली. नकाशाप्रमाणे तो शंभर टक्के बरोबर होता, मीच मोजून दिलं होतं. अजून आठवतं ते.

वकीलपत्र
मग तुम्हाला हमालांची गोष्ट सांगतो, त्याच भागात आहे. राब्बा बार बार खाना नावाच्या पंडिताचं दारूचं पिंप हमालांच्या हातून फुटलं. त्याने भरपाई म्हणून त्यांचे अंगावरचे कपडे काढून घेतले. हमाल राव नावाच्या मोठ्या गुरूकडे गेले. राव म्हणाले कपडे परत दे. हा विचारतो, कायदा असा आहे? राव म्हणतात हो, कारण लिहिलंय 'चांगल्यांच्या वाटेने चाल'. कपडे दिले. हमाल म्हणाले, आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, पोटात काही नाही. राव म्हणाले मजुरी पण दे. हा पुन्हा विचारतो, हा कायदा आहे? राव म्हणतात हो, 'आणि त्सद्दीकांच्या मार्गांना धरून राहा', ते वचन पुढे तसंच जातं. मी कोर्टात रोज 'हा कायदा आहे का' विचारणारा माणूस आहे, मला हा 'हो' फार अस्वस्थ करतो.

अवांतर_आजोबा
अवांतर: नीतिसूत्रांच्या २३व्या अध्यायात दारू घशातून कशी सुळकन उतरते त्यालाही याच धातूचा शब्द आहे, मेशारीम. म्हणजे सरळ उतरते! पिंपावरून आठवलं. आमच्या मित्रमंडळाचं ब्रीदवाक्य ठरू शकेल.

तांबडीवाट
आजोबा 😂😂

पाठभेद
मेशारीमवरून, बाबिलोनच्या अक्कादी भाषेत याच धातूचा 'मीशारुम' शब्द आहे. तिथले राजे अधूनमधून 'मीशारुम' जाहीर करायचे, म्हणजे शेतकऱ्यांची कर्जं रद्द, थकलेले कर रद्द, कर्जापायी गुलाम झालेल्यांची सुटका. हम्मुराबीच्या घराण्यातला अम्मी-सादुका नावाचा राजा, त्याचं असं फर्मान सापडलेलं आहे, इसवी सनापूर्वी १७व्या शतकातलं. आणि त्याच्या नावातला 'सादुका' म्हणजे त्सद्दीकचाच धातू. फर्मान याशारचं, नाव त्सद्दीकचं.

खुसपट
म्हणजे याशार = कर्जमाफी. आता धागा राजकारणात जाणार, मी पळतो.

सेमिनरीत_दोन_वर्षं
पळू नका, तुमच्या मूळ प्रश्नाला, त्सद्दीक आणि याशार वेगळे का, यावर अगदी थेट लिहिणारा माणूस आहे आणि तो अजून धाग्यात आला नाही. नत्सीव म्हणून ओळखतात त्यांना, नाफ्ताली त्स्वी येहूदा बर्लिन, १९व्या शतकात व्होलोझिनच्या प्रसिद्ध येशिवाचे (ज्यू धर्मशास्त्राची पाठशाळा) प्रमुख. त्यांनी उत्पत्तीच्या टीकेच्या प्रस्तावनेत प्रश्न घेतलाय, की तालमूदमध्ये उत्पत्तीच्या पुस्तकाला 'याशारचं पुस्तक' का म्हटलंय, त्सद्दीकांचं किंवा भक्तांचं का नाही?

त्यांचं उत्तर असं, की दुसरं मंदिर इसवी सन ७० मध्ये पडलं त्या पिढीत त्सद्दीक होते, भक्त होते, रात्रंदिवस तोरा घोकणारे होते, पण याशार नव्हते. आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने देवाला भजणारा दिसला की लगेच हा सदूकी (विरोधी पंथाचा), हा पाखंडी, असा शिक्का मारायचे, आणि देवाच्या नावाने रक्तपातापर्यंत जायचे. उलट अब्राहाम बघा. सदोमचे लोक किती वाईट हे त्याला माहीत, तरी त्यांच्यासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नास त्सद्दीक सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत दहापर्यंत. नत्सीव म्हणतात की हे याशार असणं. मूर्तिपूजकाशीसुद्धा प्रेमाने आणि चोख वागणं.

हे वाचलं तेव्हा मी सेमिनरीत होतो आणि आमच्याकडे कोण खरा विश्वासी कोण खोटा यावर जेवताना भांडणं चालायची. जाऊ दे.

तालमूदमध्ये आणखी एक छोटं आहे. ९७व्या स्तोत्रात ओळ आहे, त्सद्दीकासाठी प्रकाश पेरलाय आणि सरळ अंतःकरणाच्यांसाठी आनंद. त्यावर रब्बी म्हणतात, सगळ्यांना प्रकाश नाही आणि सगळ्यांना आनंद नाही, त्सद्दीकांना प्रकाश, याशारांना आनंद. आणि राशी म्हणतो की याशार वरचढ.

तांबडीवाट
प्रकाश पेरलाय. पुन्हा शेतकरीच लिहिणारा.

पुस्तकवेडी
उशिरा आले. ते 'याशारचं पुस्तक' विकत मिळतं का? ऑनलाइन शोधलं तर खूप दिसतात.

पाठभेद
सांभाळून. बायबलमध्ये ज्या 'याशारच्या पुस्तका'चा उल्लेख आहे, यहोशवा १० मध्ये सूर्य थांबला तिथे आणि दुसऱ्या शमुवेलात दाविदाच्या विलापगीताशी, ते हरवलेलं आहे. त्याच नावाचं एक हिब्रू पुस्तक १६२५ साली व्हेनिसला छापलं गेलं, कथा म्हणून वाचायला छान आहे पण ते जुनं नव्हे. आणि १७५१ मध्ये लंडनला एक निघालं ते तर सरळ सरळ बनावट. (खुसपट म्हणतात त्या अर्थाने सरळ.)

खुसपट
बनावट सरळपुस्तक! बरं, माझ्याकडून कबुली, शब्द वेगळे आहेत. पण 'नीट'ला माझी हरकत कायम. रस्ता नीट, वागणं नीट, ठीक. 'ईयोब नीट माणूस होता' असं मराठीत कोण म्हणेल? आजारातून उठल्यासारखा वाटतो.

ओळंबा
खुसपट, हरकत मंजूर. काल ओसरीवर हा सगळा धागा वाचून दाखवला, चष्मा दोनदा पुसावा लागला. तिथेही हेच निघालं, की क्रियापदाला नीट चालतं, माणसाला नाही. माणसाला मग 'नाकासमोर चालणारा' म्हणा असं एक जण म्हणाले, पण त्यात अब्राहामाची घासाघीस बसत नाही, नाकासमोर चालणारा दुसऱ्याच्या भानगडीत पडतोच कशाला. तेव्हा ईयोब सध्या सरळच राहू द्यावा असं ठरलं.

पाळकांनी जाताना उपदेशक ७:२९ काढून दाखवलं. देवाने माणसाला याशार केलं, पण त्यांनी 'खिश्बोनोत' पुष्कळ शोधून काढले. मराठीत युक्त्या, कल्पना असं काहीतरी करतात. ते म्हणाले हा शब्द अरबी हिसाबचा सख्खा चुलत भाऊ, म्हणजे आपला हिशेब. देवाने सरळ केला आणि हा हिशेब करत बसला. अश्दोदकरीण ताई, तुमच्याकडे हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे का हो?

अश्दोदकरीण
आहे ना काका. हॉटेलात जेवण झालं की वेटरला हाक मारून म्हणायचं, 'खेश्बोन, बेवाकशा'. बिल द्या प्लीज. शाळेत गणिताच्या तासालाही खेश्बोनच म्हणतात, माझ्या धाकट्याचा नावडता. आणि मुलांना सांगून ठेवलंय की आता घरी याशार याशार या, मधे फलाफलच्या गाडीवर थांबायचं नाही. येतात कुठले.